मावशीच्या चित्राखालचं कार्ड

माझं अक्षर चांगलं होतं. चित्रंही बरी काढायचे, पण अक्षर फारच चांगलं होतं, आणि पुढे जे झालं ते त्या अक्षरापायीच झालं अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घालत आले. खरं तसं काही नव्हतं.

बाबांची गिरणी बंद पडल्यावर आम्ही परळची खोली विकून बोरिवलीला आलो. पश्चिमेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक बैठी चाळ होती, तिथे दोन खोल्या मिळाल्या. बाबांना दहिसरला एका लहानशा कारखान्यात काम मिळालं. मी तेव्हा अकरावीत होते. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा शाळेतच पास झाले होते, पण पुढे आर्ट स्कूलला जायचं वगैरे बोलायची सोय आमच्या घरात त्या वर्षी नव्हती. मग मी कॉलेजच्या फलकावर सुविचार लिहायचे, गणपतीत मंडळाचे बोर्ड रंगवायचे आणि लोक ‘वा’ म्हणाले की तेवढ्यावर आठवडाभर खूश असायचे.

आमच्या भागात एक छोटं संग्रहालय होतं. संग्रहालय म्हणायचं म्हणून म्हणायचं. एका जुन्या ख्रिस्ती कुटुंबाने वापराला दिलेला कौलारू बंगला, त्यातल्या दोन खोल्या आणि एक व्हरांडा. आत भाताची मापं, मिठागरातली लाकडी फावडी, बैलगाडीचं एक चाक आणि बोरिवली गाव होतं तेव्हाचे फोटो. हे सगळं सांभाळायचे ते एक निवृत्त इतिहासाचे शिक्षक. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. स्वतः झाडू मारायचे, स्वतःच कुलूप लावायचे. शाळेच्या सहली सोडल्या तर तिथे फारसं कुणी येत नसे.

सरांच्या मनात आलं की आसपासच्या मुलामुलींना घेऊन दिवाळीच्या सुट्टीत चित्रांचं प्रदर्शन भरवायचं. आम्ही सहाजण जमलो. प्रत्येकाने या भागातलं एक जुनं माणूस निवडायचं, त्याच्याकडे जाऊन बसायचं, त्याचं चित्र काढायचं, जमलं तर त्याच्या घरातली एखादी वस्तू मागून आणायची आणि चित्राखाली लावायला चार ओळींचं कार्ड लिहायचं, असं ठरलं. सरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. खाली ‘कोळीण’, ‘गाडीवान’, ‘मिठागर कामगार’ असलं काही लिहून आणायचं नाही. ते पुस्तकात असतं. वाचणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे.

मला लगेच मावशी आठवली.

मावशी म्हणजे आमच्याकडे मासे घेऊन येणारी. आठवड्यातून तीनदा तिची टोपली आमच्या उंबऱ्यावर उतरायची. आई मालवणकडची, तिला माशाचा कल्ला उचलून तो ताजा आहे का बघितल्याशिवाय चैन पडत नसे, आणि मावशीला कल्ला उचललेला खपत नसे. दोघींची रोज जुंपायची आणि मग दोघी चहा प्यायच्या. परळ सोडल्यापासून आई कुणाशी मोकळेपणी बोलत नव्हती, मावशीशी बोलायची. बाबांच्या गिरणीबद्दल आई जे आमच्यासमोरही बोलली नाही ते मावशीला सांगताना मी ऐकलंय. मावशी टोपलीतली बर्फाची फोड बोटाने सारत ऐकत बसायची.

तुझं चित्र काढायचंय म्हटल्यावर ती खूप हसली. या वयात काय माझा फोटो काढतेस, म्हणाली. पण दोन दिवसांनी तिने आपणहून विचारलं, कधी येऊ बसायला. मी म्हटलं, तू नको येऊ, मीच येते.

महिनाभर बुधवारी आणि रविवारी दुपारी मी कोळीवाड्यात तिच्या घरी जात होते. बाजार आटपून ती घरी आलेली असायची. तिला गप्प बसून राहणं जमत नसे, म्हणून मी तिला काम करतानाच काढायचं ठरवलं. पुढ्यात सुक्या बोंबलांचा ढीग घेऊन ती निवडत बसायची आणि मी भिंतीला टेकून तिचे हात काढायचे. तिची मुलगी माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी होती. आठवीपर्यंत शिकलेली. आळीत कुणाचं पत्र आलं, कुणाला रेशनकार्डाचा अर्ज भरायचा असला की तिलाच हाक मारत. ती मला चहा आणून द्यायची आणि माझ्या खांद्यावरून डोकावून स्पष्ट सांगायची, आईचं नाक एवढं मोठं नाही. मी खोडून पुन्हा काढायचे. तिचं बरोबर असायचं.

एका रविवारी मुलगी लग्नाला गेली होती. घरात आम्ही दोघीच होतो. मी मावशीचा चेहरा घेतला होता आणि तो जमत होता. अशा वेळी चित्र काढणारा बोलत नाही, आणि समोरचा बोलू लागतो.

मावशीने सांगितलं की मुलगी चार महिन्यांची असताना तिचा नवरा दर्यात गेला. पावसाचे दिवस तोंडावर होते. सासरच्यांनी हिच्या पायगुणावर ठपका ठेवला आणि दाराला कडी घातली. माहेरी सावत्र आई, तिनेही दोन दिवसांत वाट दाखवली. मग माहेरीच राहणार असं सासरच्या आळीत सांगून ती मुलीला घेऊन घाटकोपरला गेली. घाटकोपर एवढ्यासाठी की तिथे तिच्या ओळखीचं कुणी मासे विकत नव्हतं. एका देवळाच्या पायरीवर बसून तिने हात पसरला. सतरा दिवस.

तिथे समोरच्या इमारतीतली एक गुजराती बाई होती. पहिल्याच दिवशी दुपारी ती भांड्यात गरम भात आणि डाळ घेऊन खाली आली. मावशी खात होती तोवर बाळाला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. मग रोज यायला लागली. ती तिच्या भाषेत बोलायची, मावशी आपल्या बोलीत. सतराव्या दिवशी त्या बाईने मावशीचे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि काहीतरी बोलली. मावशीला त्यातलं एवढंच कळलं की हे हात मागायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मावशी कोळीवाड्यात परत आली आणि एका म्हातारीची टोपली उधार घेऊन बाजारात बसली.

“नाव पन नाय विचारलं मी तिचं,” मावशी म्हणाली. “मंग येकदा नारळ नि लुगडं घेऊन गेले. बिल्डिंग होती. बाय नव्हती. भाड्यानं ऱ्हात होती म्हनाले.”

बोंबील निवडता निवडता ती म्हणाली, हे पोरीलाही माहीत नाही. पायरीवर मांडीत होती ती, पण तिला काय आठवणार.

कुणाला सांगू नकोस, असं मात्र ती म्हणाली नाही. पुढे मी हेच धरून बसले होते. नाही म्हणाली नव्हती ना ती, मग?

चित्र झालं. ते चांगलं झालं होतं, हे मी आजही सांगेन. मावशीने नवऱ्याची जाळं विणायची लाकडी सुई ट्रंकेतून काढून मला प्रदर्शनासाठी दिली. हाताच्या घामाने ती मधोमध काळी आणि गुळगुळीत झाली होती. कार्डही मी लिहिलं होतं: खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहते, पहाटे बंदरावर जाते, तिच्याकडचे मासे ताजे असतात, मुलीला एकटीने वाढवलं. सुंदर अक्षरातल्या चार बेचव ओळी.

प्रदर्शनाच्या चार दिवस आधी आम्ही सगळे आपापलं काम घेऊन संग्रहालयात जमलो. आमच्यात एक मुलगी होती, टॉवरमध्ये राहणारी, वडील मोठ्या कंपनीत. ती खरोखरच हुशार होती आणि माझ्याशी चांगली वागायची, त्यामुळे तर मला जास्तच त्रास व्हायचा. तिने एका म्हाताऱ्या गाडीवानाचं चित्र काढलं होतं. चित्र कच्चं होतं. पण खाली तिने लिहिलं होतं की शेवटचा बैल विकल्यावरही हे बाबा रोज पहाटे चारला उठून वैरण टाकायला गोठ्यात जात. सरांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, हे बघा, याला म्हणतात लिहिणं. माझं कार्ड वाचून म्हणाले, अक्षर छान.

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी नवीन कार्डशीट कापली आणि कट निबने, काळ्या शाईत लिहिलं:

‘पती समुद्रात बुडाला. सासरने दार लावले, माहेरनेही. चार महिन्यांची मुलगी पदराखाली घेऊन या स्त्रीने घाटकोपरला देवळाच्या पायरीवर सतरा दिवस भीक मागितली. शिळ्यापाक्या तुकड्यांवर ती जगली. आज ती आपल्या दारात मासे विकायला येते, तेव्हा आपण तिच्याशी भाव करतो.’

भात आणणाऱ्या बाईबद्दल मी आधी एक वाक्य लिहिलं होतं. मग ते वगळून कार्ड नव्याने लिहून काढलं. ती बाई आली की दुःख पातळ होत होतं. शिळे तुकडे मी माझ्या मनाने घातले. शेवटच्या वाक्यावर मी स्वतःवरच इतकी खूश झाले की शाई वाळायच्या आत ते तीनदा वाचलं.

सरांनी ते कार्ड दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, “त्यांना विचारलंस का, हे लिहू का म्हणून?”

“हो सर,” मी म्हटलं.

उद्घाटनाला बरीच माणसं आली. आईबाबाही येऊन गेले. कार्ड वाचायच्या आतच मी दोघांना दुसऱ्या खोलीत फोटो बघायला नेलं, म्हणजे तेव्हाही मला सगळं कळत होतं. पाहुणे म्हणून आलेले एक वयस्कर गृहस्थ माझ्या चित्रापाशी थांबले, कार्ड वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि भाषणात माझं नाव घेऊन म्हणाले की या वयात एवढी संवेदनशीलता दुर्मिळ आहे. लोकांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. ते मला फार आवडलं.

भाषणं संपली आणि मावशी आली. एकटीच आली, मुलगी बाजारात होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली, डोक्यात अबोलीचा गजरा, चपला बाहेर काढून आत आली. चित्रासमोर उभी राहिली. स्वतःच्या हातांकडे बघितलं, मग चित्रातल्या हातांकडे बघितलं. काचेखाली ठेवलेल्या सुईला तिने वरूनच बोट लावलं. मग माझ्या दंडाला धरून कार्डाजवळ ओढलं आणि म्हणाली, “काय लिवलंय? वाच की बाय.”

माझ्या शेजारी ती टॉवरमधली मैत्रीण उभी होती. आणखीही चार-पाचजण होते. मी कार्डाकडे बघत, एकेका ओळीवर बोट फिरवत वाचलं: ही खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहते. पहाटे बंदरावर जाते. हिच्याकडचे मासे ताजे असतात. हिने एकटीने मुलीला वाढवलं.

शेवटची ओळ तिने मला पुन्हा वाचायला लावली. मी पुन्हा वाचली. मग तिने माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि गेली.

मैत्रीण हळूच म्हणाली की कार्डावर तर वेगळंच लिहिलंय. मी म्हटलं, “तिला कुठे वाचता येतंय?”

हे वाक्य मी कुणाच्याही दडपणाखाली बोलले नव्हते. मी ते हसून बोलले होते. मैत्रीण हसली नाही. ती तिथून बाजूला झाली आणि प्रदर्शन संपेपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली.

कार्ड बदलायला मला वेळ होता. जुनं, चार बेचव ओळींचं कार्ड माझ्या वहीत तसंच होतं. चार टाचण्या काढून चार टाचण्या लावायच्या, एवढंच काम. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक साप्ताहिकातून कुणी फोटो काढायला येणार असं कळलं, म्हणून थांबले. फोटोवाला आला नाही. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी लोक कार्डासमोर थांबायचे, एकमेकांना दाखवायचे, आणि मी दाराजवळच्या टेबलावर अभिप्रायाच्या वहीसमोर बसून त्यांच्या पाठी बघायचे. त्या वहीत माझ्याबद्दल जे काही लिहून येत होतं ते मला पाठ होतं.

पाचव्या दिवशी सोमवार होता. सोमवारी मासे कमी खपतात. दुपारी व्हरांड्यात एकदम बायकांचा आवाज आला. मावशी सात-आठ कोळणींना घेऊन आली होती, आणि बरोबर तिची मुलगी होती.

मी उठून उभी राहिले, पण जागची हलले नाही. बायका चित्रासमोर जमल्या, कुणी मावशीची चेष्टा केली, कुणी नाकाबद्दल बोललं. मग त्यातली एक म्हणाली, वाच गो पोरी, काय लिवलंय ते. मुलगी पुढे झाली आणि वाचू लागली. मनातल्या मनात वाचत होती, ओठ हलत होते. मधेच ओठ थांबले. तिथून शेवटपर्यंत ती नुसती बघत राहिली.

त्या कार्डावरून तिला पहिल्यांदा कळत होतं की आपण त्या पायरीवर होतो.

बायकांनी पुन्हा विचारलं. तेव्हा ती वळली आणि स्वच्छ आवाजात, कार्डाकडे अधूनमधून बघत तिने वाचून दाखवलं: “हिचा नवरा दर्यात गेला, तरी ही खचली नाय. हिनं टोपली उचलली नि पोरीला मोठं केलं. अशा बाया हायेत म्हनून हा कोळीवाडा हाये.”

बायकांना ते पसंत पडलं. एक म्हातारी मात्र म्हणाली की मावशी तर वेगळंच सांगत होती, पहाटे बंदर, ताजी मासळी असं काहीतरी. मुलगी लगेच म्हणाली, तेही आहे खाली, बारीक अक्षरात. आणि फोटो बघायला म्हणून तिने सगळ्यांना दुसऱ्या खोलीत पिटाळलं.

मावशी गेली नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण महिन्याभरात कुठल्या दारात काय दिलं ते सगळं तिच्या डोक्यात असायचं. मी वाचलेल्या चार ओळी तिने चार दिवस आळीभर म्हणून दाखवल्या होत्या. तिने मुलीकडे बघितलं, मग कार्डाकडे, मग माझ्याकडे.

“लिवलेलं बदलतं काय गं?” तिने विचारलं.

मी टेबलावरची अभिप्रायाची वही मिटली.

“आता खरं वाच.”

मुलगी म्हणाली, आई, चल. मावशीने तिला हाताने थांबवलं. मी टेबलामागून निघून चित्रापर्यंत गेले आणि माझ्याच सुंदर अक्षरात लिहिलेलं ते सगळं वाचलं. भीक हा शब्द तोंडातून निघेना, तर ती थांबून राहिली, मग मी तोही वाचला. तुकडे वाचले. भाव करतो, हेही वाचलं. शेजारच्या खोलीतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिचा आवाज सगळ्या रस्त्याला माहीत होता. ती ओरडली नाही. कार्डावर काहीतरी शोधत असल्यासारखी बघत राहिली आणि म्हणाली, “आनि ती भात देनारी?”

“जागा नव्हती,” मी म्हटलं.

“जागा नव्हती,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तिच्यासाठी सांगितलं होतं मी तुला.”

कार्डावर खालच्या बाजूला चार बोटं जागा कोरी होती. वाचता येत नसलं तरी ती तिला दिसत होतीच.

मुलीने चारही टाचण्या नखाने उपसून काढल्या, कार्डाची दुहेरी घडी घातली आणि कमरेला खोचलं. मला ती एकच वाक्य बोलली. “म्हैनाभर आमच्यात चा पीत होतीस तू.” मी तिच्या पायांकडे बघत उभी होते. मावशीने काचेखालची सुई मागितली, मी काच उचलून ती तिला दिली. चित्रही काढून देते म्हटलं, तर ती म्हणाली, “चित्र ऱ्हाऊ दे. ते चांगलं हाये.” तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, मला बरं वाटण्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. चित्र चांगलं होतं म्हणून ती चांगलं म्हणाली.

बायका गेल्या. संध्याकाळी सरांनी चित्राखालची मोकळी जागा बघून विचारलं, कार्ड कुठे गेलं. मी म्हटलं, पडलं असेल. ते वाकून बाकाखाली शोधायला लागले. त्यांचे गुडघे दुखायचे, बाकाला धरून ते खाली बसले आणि हाताने लादी चाचपू लागले, तेव्हा मला राहवेना. मी सगळं सांगितलं.

ते तसेच खाली बसून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “मी तुला विचारलं होतं.” एवढंच. मला पुढच्या वर्षी त्यांनी बोलावलं नाही, आणि मी विचारायलाही गेले नाही.

त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी सर स्वतः कोळीवाड्यात गेले. माझ्या संग्रहालयात झालं, म्हणजे माझी जबाबदारी, असं म्हणाले. जाताना मला चल म्हणाले. मी म्हटलं, मला बरं नाही. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की मावशीने त्यांना बसायला दिलं, चहा दिला, फार काही बोलली नाही. तू एकदा जाऊन ये, म्हणाले. मी दोनदा निघाले. दोन्ही वेळा खाडीच्या वळणावर, जिथून मासे वाळत घातलेल्या काठ्या दिसतात, तिथपर्यंत गेले आणि परतले. तिच्या अंगणात उभी राहून काय बोलायचं हे मला सुचत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे बोलायचं काय ते मला ठाऊक होतं. ते बोलताना मुलगी समोर असेल, हे मला नको होतं.

मावशीने आमच्या चाळीत येणं बंद केलं. आठवडाभर आई वाट बघत राहिली. मग दुसरीच एक कोळीण यायला लागली, तरुण, घाईची. ती कल्ला बघू द्यायची, चहाला थांबायची नाही. आईने तिच्याकडे मावशीची चौकशी केली, तर ती म्हणाली, ती आता स्टेशनजवळच्या बाजारात बसते, दारोदार फिरत नाही. आईला ते लागलं. निरोप नाही, काही नाही. मग आईने आपल्यापुरता अर्थ लावला. चित्र लागलं, भाषणात नाव आलं, लोकांनी कौतुक केलं, म्हणून तिला मान चढला. आता आमच्यासारख्यांच्या उंबऱ्यावर ती कशाला बसेल. शेजारणींना आई हेच सांगायची. कुणी नवीन माणूस आलं आणि माशांचा विषय निघाला की पुन्हा सांगायची. मी तिथेच असायचे, कधी भाजी निवडत, कधी अभ्यासाचं पुस्तक घेऊन. मी एकदाही मान वर केली नाही.

पुढच्या पाच वर्षांत मी कॉलेज संपवलं आणि अंधेरीला एका जाहिरातीच्या कंपनीत अक्षरं काढायच्या कामाला लागले. संग्रहालयाचा बंगला मालकांनी परत घेतला, सामान कुठे गेलं ते मला नीट कळलं नाही. स्टेशनजवळच्या बाजारातून जायची वेळ आली की मी पलीकडच्या फुटपाथने जायचे. मुलगी मला एकदा समोरासमोर भेटली, कडेवर तिचं बाळ होतं. तिने मला ओळखलं. बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वाटेतून बाजूला होऊन मला जाऊ दिलं, जसं अनोळखी माणसाला जाऊ देतात.

मावशी गेल्याचं त्या तरुण कोळणीकडूनच कळलं. आईने वाटण थांबवून वरवंटा बाजूला ठेवला. मग म्हणाली, कोळीवाड्यात जाऊन यायला हवं खरं तर, पण ती आपल्याला विसरली, आपण कशाला जायचं. असं म्हणून ती पुन्हा वाटायला लागली, आणि वाटता वाटता पदराने डोळे पुसायला लागली. तेव्हा मी तिला सांगितलं. घाटकोपर सोडून सगळं सांगितलं. ते सांगायचा हक्क मला नव्हता, हे उशिरा का होईना कळलं होतं. तिने मला एक खाजगी गोष्ट सांगितली होती, ती मी लिहून भिंतीवर लावली आणि तिला खोटं वाचून दाखवलं, एवढं सांगितलं.

आईचा हात पाट्यावर थांबला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं ती मला बोलेल, आणि मी त्याची वाटही बघत होते. पण ती स्वतःशीच हिशेब करत होती, कुणाकुणाकडे आपण काय काय बोललो त्याचा.

“ह्या तू माका तेव्हाच सांगूक होया होता,” ती शेवटी म्हणाली. “मी गेलंय असतंय तिच्याकडे.”

मग उठून तिने मोरीत हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि शेजारणीकडे निघून गेली. तिथे काय बोलली ते मला माहीत नाही. दारातून मला एवढंच दिसलं की आई उभ्याउभ्याच काहीतरी सांगतेय आणि शेजारीण मधूनमधून आमच्या दाराकडे बघतेय.